कामाचं पाणी, सुट्टीचं पाणी

शनिवारी दुपारनंतर निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागणाऱ्या गाड्या पाहिल्या की कोण कुठे निघालंय हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. मागच्या सीटवर पांघरुणांचा ढीग, पायाशी स्पीकर, आणि घरूनच मसाला लावून आणलेल्या चिकनचा डबा. कामशेतला डावीकडे वळायचं, खिंड ओलांडायची, की समोर पवनेचं पाणी आणि त्यामागे तुंग-तिकोना. काठावर तंबूंच्या रांगा लागलेल्या असतात.

ज्या पाण्याकाठी ही मंडळी रात्रभर शेकोटी करतात, तेच पाणी सोमवारी सकाळी त्यांच्या चिंचवडच्या किंवा थेरगावच्या घरी नळाला येतं. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी पिंपरी-चिंचवड महापालिका रावेतच्या बंधाऱ्यावर उचलते, निगडीला शुद्ध करते आणि शहरभर फिरवते. या जलाशयाचं खरं काम तेच. तंबू, होड्या, सूर्यास्ताचे फोटो, पिठलं-भाकरीचे फलक हे सगळं मागाहून आलं.

मावळ-मुळशीत आज सहलीला जाण्याजोगं जे जे मोठं पाणी आहे, ते असंच कुणी ना कुणी कामासाठी अडवलेलं आहे. भुशी आगगाडीसाठी, वलवण आणि शिरोता मुंबईच्या गिरण्यांसाठी, ठोकळवाडी आणि मुळशी विजेसाठी, पवना शेतीसाठी आणि कारखान्यांच्या शहरासाठी. निसर्गानं या भागाला एकही मोठा तलाव दिलेला नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत इथे जी जी नवी मजुरी आली, तिनं एकेक तळं मागे ठेवलं. त्या तळ्यांकाठी आज जे चवीनं खाल्लं जातं, त्यातलंही बरंचसं त्या मजुरीतून आलेलं आहे.

पाऊस नाही म्हणून तळी नाहीत, असं इथे कुणी म्हणू शकणार नाही. लोणावळा-खंडाळ्यावर वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पन्नासेक किलोमीटर पूर्वेला चाकणला पोचेपर्यंत त्यातला एक हजारही उरत नाही. पण पडलेलं पाणी थांबत नाही. पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ ही सगळी खोरी चिंचोळी आणि उतरती. काळ्या कातळावरून पाणी सरळ पवनेत, इंद्रायणीत, कुंडलिकेत, आंद्रेत उतरतं आणि भीमेच्या दिशेनं निघून जातं. आषाढात वाहून गेलेलं घर शोधणारा गावकरी चैत्रात हंडा घेऊन झऱ्याशी बसतो, हे या प्रदेशाचं जुनं दुखणं.

त्यामुळे पूर्वीच्या माणसानं पाणी साठवलं ते थोडं आणि कातळात. भाजे लेण्यात एका पोढीवर, म्हणजे पाण्याच्या टाक्यावर, तिचं दान करणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कोसिकीपुत्र विण्हुदत्त, पदवीनं महारठी. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून येणारे व्यापारी आणि वर्षावासाला थांबणारे भिक्खू यांच्यासाठी ते पाणी होतं. पुढे गडांवर टाकी खोदली गेली. लोहगडावर पेशवाईत नाना फडणविसांनी तळं बांधून घेतलं. सोळा कोनांचं ते तळं आजही गडावर आलेला प्रत्येकजण वाकून बघतो. घाटाखाली खोपोलीला नानांनीच तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. बोरघाट चढण्याआधी बैलांना पाणी आणि माणसांना सावली मिळावी, हा त्यामागचा हिशेब. युनेस्कोनं जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात लोहगड आहे. गडावरची गर्दी त्यानंतर आणखी वाढली. गडांवरचं ते पाणी मात्र शिबंदीच्या तहानेपुरतंच होतं. खोरंच्या खोरं भरून टाकण्याची कल्पना इंग्रजी अमलात आली.

ती आली आगगाडीबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं बोरघाटाचं काम १८५६ मध्ये हाती घेतलं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी ते पुरं झालं. मुख्य अभियंता होता जेम्स बर्कली. पंधरा मैलांच्या चढणीत पंचवीस बोगदे खोदायचे होते. १८६१ मध्ये, काम ऐन भरात असताना, या डोंगरावर एकाच वेळी ४२ हजारांच्या आसपास माणसं राबत होती. पटकीनं आणि तापानं किती गेली याला सुमार नाही. ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका पुढे चालवला आणि काम तडीस नेलं.

घाट चढून आलेल्या इंजिनाला लोणावळ्यात दम खावा लागे आणि पाणी प्यावं लागे. वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाण्यावर चालतं, आणि घाटात गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिनं लावलेली असत. म्हणून रेल्वेनं गावाच्या दक्षिणेला दोन-तीन मैलांवर ओढा अडवून दगडी बांध घातला. तो भुशीचा बांध. आज त्याच्या सांडव्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात हजारो माणसं पाण्यात बसकण मारतात.

लोणावळ्याच्या चिक्कीची गोष्टही याच कामाशी जोडून सांगितली जाते. घाटाच्या कामावरच्या मजुरांना स्वस्त आणि पोटाला आधार देणारं काही हवं होतं. गूळ आणि शेंगदाणे एकत्र करून ‘गुडदाणी’ विकली जाई. मगनलाल अग्रवाल यांच्या दुकानानं तिला चिक्की म्हणून नाव मिळवून दिलं. पुढे ती फलाटावर आणि गाड्यांत विकली जाऊ लागली आणि मुंबईकडे जाणाऱ्याच्या पिशवीत तिची जागा पक्की झाली. गोष्टीतले तपशील दुकानागणिक बदलतात. पण पदार्थाकडे नीट पाहिलं तर तो कष्टकऱ्याचाच आहे: दिवसभर टिकतो, खिशात मावतो, शिळा होत नाही, आणि एका तुकड्यावर तासभर काम रेटता येतं. चॉकलेटच्या, सुक्या मेव्याच्या, गुलाबाच्या पाकळ्यांच्या चिक्क्या ही नंतरची हौस.

१९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली. पुढच्या वर्षी, १ जून १९३० रोजी, डेक्कन क्वीन सुरू झाली. इंजिनांची तहान आटली तसं भुशीचं मूळ काम आटत गेलं. त्याच सुमाराला मुंबईचे पारशी, गुजराती आणि युरोपियन लोक लोणावळ्यात बंगले बांधून हवापालटाला येत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, भुशीच्या शेजारच्या माळावर नौदलाचं ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र आलं. बांध तिथेच राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा झाला.

दुसरं पाणी मुंबईच्या गिरण्यांनी मागितलं. घाटमाथ्यावरचं पाणी पूर्वेला न जाऊ देता बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला कोकणात सोडायचं, त्या पडण्यातून वीज काढायची, आणि कोळशाच्या धुरात काळवंडलेल्या मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालवायच्या, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारदाची. जमशेटजी टाटांनी ती उचलली. ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्या मुलांनी १९१० मध्ये कंपनी उभी केली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीची वीज सुरू झाली. लोणावळा, वलवण आणि शिरोता अशी तीन तळी यासाठी बांधली गेली. तिथून पाणी सतराशे फुटांहून अधिक खाली पडतं. आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर चालू लागलं.

तिसऱ्या टप्प्यात मुळशीची पाळी होती, आणि तिथे गोष्ट नुसत्या बांधकामाची राहिली नाही. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाशी धरण बांधलं की पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं बुडणार होती. ही खाचरं आंबेमोहोर पिकवणारी होती, आणि तांदळाला आंब्याच्या मोहराचा वास यावा लागतो म्हणून पुण्यातली घरं मुळशीचंच नाव घेत. आंबेमोहोराला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण १९२०च्या सुमाराला त्या खाचरांची किंमत वेगळ्या वहीत मांडली जात होती. बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती. सावकाराला भरपाईचा रोख पैसा परवडणारा होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. १९२१च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बैठक मारली. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी इथे मिळाली. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून लोक उभे केले. बायका मुलांसह तुरुंगात गेल्या. लढा तीनेक वर्षं चालला आणि १९२४ मध्ये बापटांना सात वर्षांच्या शिक्षेवर पाठवून तो मोडून काढण्यात आला. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं आंदोलन म्हणून त्याच्यावर पुस्तक लिहिलं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

ताम्हिणीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या-उजव्या हाताला पसरलेलं मुळशीचं पाणी पावसाळ्यात इतकं देखणं दिसतं की गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. काठावरच्या खाणावळी आणि रिसॉर्टांतून आंबेमोहोराचा भात मागून घेणारे लोकही असतात. त्या भाताची सर्वांत चांगली खाचरं समोरच्या पाण्याखाली आहेत.

टाटांच्या तळ्यांना एक अनपेक्षित रहिवासी मिळाला, त्याची नोंद इथे करायला हवी. दख्खनच्या नद्यांत मिळणारा महाशीर हा मोठा, ताकदवान मासा. गळ टाकणारे त्याच्यासाठी जीव टाकतात. १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी तो नद्यांतून हटत गेला. लोणावळ्याला वलवणच्या काठी १९७०च्या दशकापासून त्याची अंडी फलित करून पिल्लं वाढवली जातात आणि देशभरच्या पाण्यांत सोडली जातात. ज्या बांधांनी माशाची वाट अडवली, त्यांच्याच पायथ्याशी त्याची पैदास होते.

स्वातंत्र्यानंतर कामाची जागा घाटावरून खाली सरकली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर शेडमागून शेड उभी राहिली. टेल्को आली, बजाज आली. सातारा-सांगली, मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून पोरं आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आली आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत चार-चार जण राहू लागली. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. या सगळ्यांना पाणी लागणार होतं. चिंचवड हे तोवर मोरया गोसावींचं, पवनेच्या घाटावरच्या समाधीचं गाव होतं. आता त्याच नदीला शहर पाजायचं होतं.

पवना धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. उपयुक्त साठा साडेआठ अब्ज घनफूट. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार गडांनी धरलेलं पवनेचं खोरं एखाद्या ओंजळीसारखं आहे. बोटं मिटली की भरलंच. गो. नी. दांडेकर तळेगावात राहत आणि हे सगळे डोंगर पायाखाली घालत. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी याच खोऱ्यातली, धरणापूर्वीची. ती वाचून तुंगावर गेलेल्या माणसाला खाली दिसतो तो मात्र जलाशय. कादंबरीतली नदी त्याच्या तळाशी आहे.

तळाशी देऊळही आहे. वाघेश्वराचं दगडी मंदिर पाण्यात गेलं, ते वर्षातले सात-आठ महिने दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी वरचा भाग, मग सभामंडप, मग अंगण उघडं पडतं. आसपासच्या गावांतली माणसं तेव्हा दर्शनाला येतात, आणि आता सहलीला आलेलेही येतात.

धरणात जमीन गेलेल्यांची नोंद १,२०३ खातेदारांची. त्यातल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली. उरलेल्या ८६३ जणांचा प्रश्न पुढची पन्नास वर्षं मोर्चे, उपोषणं आणि बैठकांतून घोळत राहिला. तंबूंची कहाणी कळायची तर हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. ज्यांची भातखाचरं बुडाली, त्यांच्याकडे उरले ते काठावरचे वरकस तुकडे. त्यावर नाचणी-वरईपलीकडे फारसं काही होत नव्हतं. तीस-चाळीस वर्षांनी त्या तुकड्यांना अचानक भाव आला, कारण तिथून पाणी दिसत होतं.

पण तो भाव यायच्या आधी शहराला सहलीची सवय लागावी लागली. या सवयीला तारीख नाही. तिची काही कारणं मात्र सांगता येतात.

पहिलं कारण आठवड्याची सुट्टी. विजेचा भार वाटून घेण्यासाठी या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवण्याची रीत पडली. शाळा-कचेऱ्यांचा रविवार आणि कारखान्याचा गुरुवार असे दोन रविवार एका शहरात नांदू लागले. कामगाराच्या घरात त्यामुळे बापाची सुट्टी आणि पोरांची सुट्टी क्वचितच जुळे. गुरुवारी जाणारी सहल ही म्हणून शॉपमधल्या सोबत्यांची सहल असे: पाच-सहा जण, एक पातेलं, एक स्टोव्ह, आणि कुणाच्या तरी गावाकडून आलेला मसाला.

दुसरं कारण लोकल. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा: स्टेशनांची ही माळच सहलीचा नकाशा बनली. मळवलीला उतरलं की भाजे आणि लोहगड. कामशेतला उतरलं की पवना. लोणावळ्याला उतरलं की चालत भुशी. पहिल्या पाळीचा माणूस तीनला सुटून पाचला डोंगराच्या पायथ्याशी असे. रात्रपाळीवाला घरी न जाता थेट गाडी पकडी आणि धबधब्याखाली झोप उडवी. ‘वर्षा सहल’ हा शब्द कंपन्यांच्या नोटीसबोर्डावर, मंडळांच्या फलकांवर, शाळांच्या वह्यांत दिसू लागला. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ज्यांच्याकडे गाडी होती त्यांना लोकलचीही गरज राहिली नाही.

शहरानं स्वतःच्या हद्दीतही पाणी शोधलं. थेरगावला केजुदेवीच्या बंधाऱ्यापाशी बोट क्लब झाला. भोसरीच्या तळ्याकाठी सहल केंद्र झालं. चिंचवडच्या संभाजीनगरात दगड काढून काढून झालेल्या खाणीत पाणी साचलं होतं, तिथे ‘बर्ड व्हॅली’ उद्यान झालं. खाणीतला दगड घरांत आणि रस्त्यांत गेला, उरलेल्या खड्ड्यात होड्या आल्या. मावळात मोठ्या प्रमाणावर घडलं तेच इथे छोट्या मापात झालं.

गडाखालच्या वाड्यांनी या सगळ्यांना जेवू घातलं. लोहगडवाडी, तिकोना पेठ, तुंगवाडी इथे सुरुवातीला हॉटेल असा प्रकार नव्हता. ओसरीवर हाक मारायची, “मावशी, पाच जणांचं जेवण होईल का?” आणि गडावर जायचं, उतरून येईपर्यंत चुलीवर पिठलं रटरटत असे. बेसन, कांदा, मिरची, लसूण हे प्रत्येक घरात असणारच, म्हणून पिठलं. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक. मावळच्या बाईनं पाहुण्यासाठी वेगळं काही केलं नाही. घरात होतं तेच जास्तीचं केलं. तोच पुढे ‘मावळी थाळी’चा मजकूर झाला.

त्या थाळीतला भात मात्र अगदी नवा आहे. आज मावळात जाऊन इंद्रायणी तांदूळ न घेता परतणारा पुणेकर विरळा, आणि बहुतेकांची समजूत अशी की हा भात संतांच्या काळापासून इथे पिकतो. प्रत्यक्षात इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ मध्ये प्रसारित झालं. आंबेमोहोर १५७ आणि फिलिपिन्सहून आलेला आयआर ८ यांचा तो संकर. आंबेमोहोराला वास होता पण ताट उंच वाढून लोळत असे आणि उतारा कमी पडे. आयआर ८ बुटका, ताठ, भरघोस, पण चवीला यथातथा. दोघांच्या संकरातून मऊ, थोडा चिकट, मंद वासाचा आणि शेतकऱ्याला परवडणारा तांदूळ आला. राब भाजायचा, रोहिणी-मृगात रोप टाकायचं, आषाढात चिखलणी करून आवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी. शहरी कुटुंबं आता आवणीच्या दिवसांत पैसे देऊन चिखलात उतरतात. राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणल्यावर अशा शेतांना नोंदणीची सोय झाली.

थाळीच्या पलीकडे मावळ चाखायचा तर ऋतू पाहून जावं लागतं. पहिल्या पावसात खेकडे बिळाबाहेर येतात; बत्ती आणि पाटी घेऊन पोरं रात्री ओढ्याला निघतात. नांग्या कुटून त्यांचं पाणी रश्श्यात घातलेलं कालवण खाल्लं की सर्दी पळते, असं इथे प्रत्येक घर सांगतं. त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली या रानभाज्या बाजारात येतात. वैशाखात करवंदं आणि जांभळं, द्रोणात भरून, घाटाच्या वळणावळणावर. धरणांत सोडलेले रोहू-कटला आणि आपणहून माजलेला चिलापी हा काठावरच्या खाणावळींचा मासा. तिखट-हळद लावून तव्यावर खरपूस.

पूर्वेकडे, चाकण-खेडच्या अंगाला, चव बदलते. तिथे मासवडी: बेसन शिजवून थापायचं, आत खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर यांचं सारण भरून गुंडाळायचं, वड्या पाडायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात बुडवून भाकरीशी खायच्या. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्याचा, शेजारी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा. लोणावळ्याच्या धुक्यात जी कांदाभजी आणि जो बटाटेवडा गरमागरम हातात पडतो, त्यांचा माल पुरवणारा मुलूख तो हाच. कामगारांबरोबर आलेल्या चवीही रस्त्यावर स्थिरावल्या: द्रुतगती मार्गाच्या आसपास तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे आणि शेवभाजीचे फलक पिठलं-भाकरीच्या बरोबरीनं लागतात.

काठावरचे तंबू त्या मानानं अगदी अलीकडचे, गेल्या दहा-पंधरा वर्षांतले. भ्रमणध्वनीवर आगाऊ नोंदणी, पोचल्यावर भजी आणि चहा, रात्री शेगडीवर भाजलेलं चिकन किंवा पनीर, सकाळी पोहे, असा ठरीव कार्यक्रम. ठाकूरसाई, आंबेगाव, ब्राह्मणोली अशा गावांतल्या तरुणांना कारखान्याच्या कंत्राटी नोकरीपेक्षा हे बरं वाटलं. त्यांच्यातले काही धरणग्रस्तांचे नातू. जलसंपदा विभागानं संपादित केलेल्या, पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावरही तंबू लागतात आणि त्यावरून नोटिसा निघतात. आजोबांकडून घेतलेल्या जमिनीवर नातवानं तंबू ठोकला तर ते अतिक्रमण ठरतं, यावर गावात तावातावानं बोललं जातं.

पाण्यावरून या खोऱ्यात रक्तही सांडलं आहे. नदीपात्रातून पाणी न आणता धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायची, असा महापालिकेचा प्रकल्प होता. पात्रातलं पाणी आटलं तर आपल्या मोटारी काय उपसणार, हा काठच्या शेतकऱ्यांचा सवाल होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. त्यात एक बाई होती. प्रकल्प तिथेच थांबला. दर वर्षी त्या दिवशी मावळात त्यांचं स्मरण होतं. ऑगस्टचा तोच आठवडा सहलीच्या गर्दीचा.

गर्दीचेही बळी जातात. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी मूळ रचना सहलीसाठी नव्हतीच. भुशी इंजिनांसाठी, कुंडमळ्याचा पूल गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी. आता पावसाळा सुरू झाला की जिल्हा प्रशासन मनाईचे हुकूम काढतं, दोऱ्या बांधतं, संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर माणसं हुसकावतं.

चाकणच्या बाजूला हेच सारं एका पिढीच्या अंतरानं घडतं आहे. शायिस्ताखानाला सुमारे दोन महिने झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या संग्रामदुर्गाभोवती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारींचे कारखाने आले. बजाज, मर्सिडीझ, फोक्सवॅगन, महिंद्रा. खेड तालुक्यात करंजविहिऱ्याजवळ भामा नदीवर आसखेडचं धरण झालं. ते मांडलं गेलं होतं शेतीच्या पाण्यासाठी. २०२१ पासून त्याचं पाणी नळांतून पुण्याच्या पूर्व भागाला, वडगावशेरी-खराडीला जातं. पिंपरी-चिंचवडलाही भामा-आसखेडमधून दिवसाला १६७ दशलक्ष लिटर आणि आंद्रा धरणातून १०० दशलक्ष लिटरचा कोटा मंजूर आहे. आंद्र्याचं पाणी इंद्रायणीतून येतं, चाकणच्या कारखान्यांशेजारी निघोज्याच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि चिखलीला शुद्ध होतं. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनी जमिनीच्या बदल्यात जमीन मागत जलवाहिनीचं काम वेळोवेळी बंद पाडलं.

भामा-आसखेडच्या काठी आता जमिनीच्या तुकड्यांची विक्री जोरात आहे. चाकण चौकातली कोंडी ओलांडून शनिवारी तिकडे निघणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते आहे, आणि रस्त्याकडेच्या घरांनी चुलीवरच्या मटणाचे आणि मासवडीचे फलक लावायला सुरुवात केली आहे.